आठवणींच्या कपड्यांची गोधडी : कात्री लावण्याआधी आणि लावल्यानंतर

कापून ठेवलेल्या तुकड्यांची पिशवी घेऊन कुणी माझ्याकडे आलं की माझ्या पोटात गोळा येतो. एकदा अशाच पिशवीत वडिलांचे सहा शर्ट होते. आठ-आठ इंचांचे चौकोन, अगदी मन लावून कापलेले. पण शर्ट आधी धुतले नव्हते. खांद्यावरचं विरलेलं कापडही चौकोनात आलं होतं. पेनाचा निळा डाग असलेला खिसा, जो त्या मुलीला सगळ्यात जास्त हवा होता, मधोमध कापला गेला होता. निम्मे चौकोन तिरपे कापल्यामुळे हातात धरले तरी ताणले जात होते. नव्या कापडाच्या गोधडीत चूक झाली तर आणखी कापड आणता येतं. इथे तो शर्ट एकच असतो.

या कामातल्या बहुतेक चुका सुई-दोऱ्याच्या नसतात. त्या शिवायला बसण्याच्या आधीच होऊन गेलेल्या असतात. म्हणून या लेखात तयारीवर भर जास्त आहे आणि शिवणकामावर त्या मानाने कमी. क्रम जसा दिला आहे तसाच पाळा. एखादा टप्पा पुढे-मागे केला की त्याची किंमत कापड मोजतं.

१. आधी ठरवा : गोधडी वापरायची की जपायची?

हा प्रश्न सोडवल्याशिवाय कपडे निवडू नका. रोज अंगावर घ्यायची गोधडी वर्षातून अनेकदा धुतली जाणार. तिच्यात रेशमी साडी, जरीचा काठ, शिफॉनची ओढणी घातली तर ती पहिल्या काही धुण्यांतच हार मानते. अधूनमधून पायांवर घ्यायची किंवा नुसती पलंगावर अंथरायची असेल तर नाजूक कापडं चालतात, पण त्यांना आधार देऊन. भिंतीवर लावायची असेल तर जवळपास काहीही चालतं.

एकाच गोधडीत आजीची रेशमी साडी आणि मुलाची जीन्स दोन्ही घालायचा मोह होतो. जाड, ताठ कापडाच्या शेजारी मऊ, जुनं कापड बसवलं की वापरताना सगळा ताण मऊ कापडावर येतो आणि ते जोडाच्या कडेने फाटतं. असे दोन टोकांचे कपडे असतील तर दोन गोधड्या करा. एक मोठी वापरायची, दुसरी छोटी जपायची.

त्यानंतर घरच्यांना विचारा. हे मी फार कळकळीने सांगते. कुणाच्या तरी जाण्यानंतर कपडे कापले जातात आणि मग कळतं की भावाला तो एक स्वेटर तसाच हवा होता. कपड्यांचे फोटो काढा, सगळ्यांना दाखवा, आणि किमान एक कपडा अखंड बाजूला ठेवा. वासासाठी जपलेला कपडा असेल तर तो हाच असू द्या. धुतल्यावर वास राहत नाही, आणि न धुता शिवलेली गोधडी टिकत नाही. मधला मार्ग नाही. तो एक कपडा न धुता घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवून द्या.

> थांबा आणि तपासा : प्रत्येक कपड्याचा पुढून, मागून आणि जवळून असा फोटो झाला का? कापल्यावर तो कपडा कसा दिसत होता, हे या फोटोंतच उरतं.

२. सगळं धुवा, एकही अपवाद नको

कपाटात वर्षानुवर्षं पडलेला कपडा स्वच्छ दिसतो, पण तसा नसतो. घाम, तेलकटपणा, धूळ धाग्यांत बसलेली असते. जुने डाग इस्त्रीच्या उष्णतेने पक्के होतात. शिवाय प्रत्येक कापड वेगवेगळं आटतं. सुती कापड आटतं, पॉलिएस्टर जवळजवळ आटत नाही. न धुता दोन्ही शेजारी शिवलीत तर पहिल्या धुण्यात सुती तुकडा आखूड होतो आणि पॉलिएस्टरला चुण्या पडतात.

आधी रंगाची परीक्षा घ्या. कपड्याचा आतला, न दिसणारा कोपरा ओला करा, त्यावर पांढरं सुती फडकं दाबा आणि इस्त्री फिरवा. फडक्यावर रंग आला तर तो कपडा वेगळा धुवा. तीन-चारदा धुऊनही पाण्यात रंग येतच असेल तर तो गोधडीत घालू नका. एक लाल ओढणी अख्ख्या पांढऱ्या गोधडीला गुलाबी करते आणि ते परत काढता येत नाही.

गार पाणी, सौम्य साबण, हलका हात. कपडे मऊ करणारं द्रावण शेवटच्या पाण्यात घालू नका. त्याचा थर राहिला तर पुढे चिकटवायचं अस्तर नीट धरत नाही. रेशमी आणि लोकरी कपडे हातानेच धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा. फार जुनं रेशीम पाण्यात घालण्याआधी पुढची परीक्षा आधी करा, कारण काही वेळा ते ओलं झाल्यावर स्वतःच्याच वजनाने फाटतं.

डागांबद्दल माझं मत वेगळं आहे. सगळे डाग काढायच्या मागे लागू नका. खिशावरचा शाईचा डाग किंवा चित्रं काढताना सांडलेला रंग हीच कधी कधी खरी आठवण असते. तेलकट आणि घामाचे डाग मात्र काढायलाच हवेत. ते कापड कमजोर करतात आणि किडे ओढून घेतात.

३. कापडात कस उरलाय का?

हा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि वर्षभरात गोधडी फाटली तर बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं. मीही एकदा गाळला होता. एका रेशमी साडीचे चौकोन दिसायला झकास होते, पण साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली होती. पहिल्या हिवाळ्यातच प्रत्येक चौकोनात एक-एक सरळ रेघ उलगडली, बरोबर जुन्या घडीच्या जागी. तेव्हापासून प्रत्येक कापडाच्या तीन परीक्षा घेतल्याशिवाय मी कात्री उचलत नाही.

पहिली, उजेडाची. कापड खिडकीसमोर धरा. जिथे धागे विरळ होऊन उजेड जास्त येतो ती जागा विरलेली आहे. शर्टाच्या बाहीचा कोपराजवळचा भाग, कॉलरची दुमड, खांदे, काखा, पँटचे गुडघे आणि बसायचा भाग बहुधा असे निघतात. खडूने या जागांभोवती वर्तुळ काढा.

दुसरी, अंगठ्यांची. कापड दोन्ही हातांत धरा, अंगठे एकमेकांजवळ ठेवा आणि आधी उभ्या, मग आडव्या धाग्याच्या दिशेने हलकेच ताणा. चांगलं कापड ताण धरून ठेवतं. कमजोर कापडातून बारीक चरचर ऐकू येते किंवा धागे सरकून फट पडते.

तिसरी, घडीची. जुन्या घडीच्या रेषेवरून बोट फिरवा आणि ती रेष उलट दिशेने हळूच दुमडून पाहा. तिथे कापड चिरलं तर बाकीचं कितीही छान दिसत असलं तरी ते जीर्ण झालेलं आहे.

परीक्षा झाल्यावर कपड्यांचे तीन ढीग करा.

- धड कापड : सुती शर्ट, सुती साडी, चादरी, पोशाखाचं घट्ट विणीचं कापड. हे थेट वापरा.
- आधार लागणारं : टी-शर्ट, होजिअरी, क्रेप, जॉर्जेट, शिफॉन, धड असलेलं रेशीम, थोडं विरलेलं सुती कापड.
- अंग टाकलेलं : ताणताच फाटणारं. याचा चौकोन करू नका. एखादं फूल, एखादा काठाचा तुकडा हवाच असेल तर तो धड कापडावर बसवून वरून जाळीदार पातळ कापड, म्हणजे नेट, लावून शिवा. म्हणजे तो दिसतो, पण ताण घेत नाही.

जरीच्या काठाबद्दल एक सूचना. जर अंगाला टोचते आणि शेजारच्या मऊ कापडाला घासून झिजवते. काठ घ्यायचा असेल तर गळ्या-हनुवटीपाशी येणाऱ्या बाजूला लावू नका.

> धोका : बाळांचे कपडे वापरत असाल आणि गोधडी लहान मुलाकडे जाणार असेल तर बटणं, टिकल्या, मणी, लोंबणाऱ्या नाड्या सगळं काढा. निघालेलं बटण मुलाच्या तोंडात जातं. आणि एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपायच्या जागी गोधडी ठेवू नये, कितीही प्रेमाने शिवलेली असली तरी.

४. माप आणि हिशेब कागदावर

पाय झाकायला पुरेल अशी गोधडी साधारण ४८ × ६० इंच. एकट्या माणसाच्या पलंगासाठी ६० × ८४ इंच. पहिल्यांदा करत असाल तर छोटीच करा.

शिवून १२ इंच दिसणारा चौकोन सोयीचा पडतो. त्यात टी-शर्टावरचं चित्र मावतं, शर्टाचा अख्खा खिसा मावतो. ४८ × ६० साठी असे आडवे ४ आणि उभे ५, म्हणजे २० चौकोन लागतात. ६० × ८४ साठी ५ × ७, म्हणजे ३५.

शिवणीची जागा किती सोडायची यावर मतं वेगळी आहेत. नव्या सुती कापडावर पाव इंच पुरतो. जुन्या कपड्यांना मी चारही बाजूंनी अर्धा इंच सोडते. जुन्या कापडाच्या दशा लवकर निघतात आणि पाव इंचातला जोड उसवला तर पुन्हा शिवायला कापड उरत नाही. म्हणजे १२ इंचांच्या चौकोनासाठी कापायचं माप १३ इंच.

आता प्रत्येक कपड्यातून किती चौकोन निघतील ते लिहा. मोठ्या माणसाच्या शर्टाच्या पाठीतून १३ इंचांचा एक चौकोन सहज निघतो. पुढच्या दोन पल्ल्यांतून, बटणपट्टी लावलेली ठेवली तर आणखी एक. टी-शर्टातून चित्राचा एक आणि पाठीचा साधा एक. बाळाच्या झबल्यातून १३ इंच निघतच नाहीत. ते छोटे तुकडे धड कापडाच्या चौकोनावर मध्यभागी बसवा किंवा चारी बाजूंना पट्ट्या जोडून मोठे करा. कपडे कमी पडत असतील तर हीच युक्ती: आठवणीच्या तुकड्यांभोवती साध्या, एकरंगी सुती कापडाच्या पट्ट्या. डोळ्यालाही विसावा मिळतो. २० वेगवेगळी चित्रं अंगाला अंग लावून बसली की एकही धड दिसत नाही.

५. उसवा, आणि मगच आधार द्या

कपडा शिवणीवर उसवून सपाट करा. बाह्या, कॉलर, कफ वेगळे. टी-शर्ट काखेच्या आणि बाजूच्या शिवणीवरून उघडा. या वेळी चौकोन कापायचा नाही. हवा असलेला भाग मापापेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठा ठेवून ढोबळ कापा.

दुसऱ्या ढिगातल्या कापडांना आता मागून आधार द्यायचा. इस्त्रीने चिकटणारं पातळ अस्तर असतं, शिंपी त्याला फ्यूजिंग म्हणतात. सर्वांत हलकं, मऊ घ्या. कॉलरसाठीचं ताठ बकरम घेतलंत तर गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. टी-शर्टासाठी न ताणणारं घ्या, आणि त्याची सर्वांत कमी ताणली जाणारी दिशा टी-शर्टाच्या जास्त ताणल्या जाणाऱ्या दिशेला लावा.

लावताना इस्त्री घासू नका. ठेवा, दाबा, १० ते १२ सेकंद थांबा, उचला, शेजारी ठेवा. इस्त्री सरकवली की खालचं कापड ताणलं जातं आणि ताणलेल्या अवस्थेतच चिकटतं. मग चौकोन कितीही नीट कापला तरी गार झाल्यावर वाकडा होतो. एक बाजू झाली की पूर्ण गार होऊ द्या, मग उचला. गरम असताना सोडवून पाहिलंत तर ते सुटणारच.

टी-शर्टाच्या छापील चित्रावर इस्त्री थेट ठेवायची नाही. चित्र वितळून इस्त्रीला चिकटतं. कापड उलटं ठेवा आणि चित्राखाली बटर पेपर घाला.

रेशीम आणि फार नाजूक कापडासाठी चिकटवायच्या भानगडीत न पडता मागे धुतलेल्या मलमलीचा तुकडा ठेवा आणि कडेने लांब टाक्यांनी दोन्ही एकत्र जोडा. यात कापडाची पडण, म्हणजे त्याचा मऊपणा, तशीच राहते.

> थांबा आणि तपासा : आधार दिलेला तुकडा दोन्ही बाजूंनी हलकेच ओढून पाहा. टी-शर्ट अजून ताणला जात असेल तर फ्यूजिंगची दिशा चुकली आहे. पुढे जाऊ नका.

६. आता कात्री

१३ इंचांचा पुठ्ठ्याचा चौकोन कापा. त्याच्या आतून १२ इंचांचा चौकोन कापून काढा. उरलेल्या चौकटीला मी खिडकी म्हणते. ही खिडकी कपड्यावर फिरवा: आत जे दिसतंय तेच गोधडीत दिसणार, आणि चौकटीची जाडी म्हणजे शिवणीची जागा. खिसा, नक्षी, चित्र, नावाची पट्टी कुठे येईल ते कापण्याआधीच डोळ्यांना दिसतं. ज्या मुलीच्या वडिलांचा खिसा मधोमध कापला गेला, तिच्याकडे ही पाच मिनिटांत तयार होणारी चौकट असती तर तो खिसा वाचला असता.

खिडकी उभ्या-आडव्या धाग्यांना समांतर ठेवा. तिरप्या म्हणजे उरेब कापलेल्या चौकोनाच्या कडा हात लावला तरी ताणल्या जातात. शर्टाच्या रेघा किंवा चौकडा असेल तर तो पाहून ठेवा. साध्या कापडात बटणपट्टीची दिशा पाहा. खिसा ठेवायचा असेल तर त्याचं तोंड शिवून बंद करा, नाहीतर पायाची बोटं त्यात अडकतात आणि टाके उसवतात. बटणपट्टी ठेवणार असाल तर ती वरून खाली पूर्ण शिवून टाका. चौकोनाच्या कडेला, शिवणीच्या जागेत एकही बटण येता कामा नये. मशीनची सुई त्यावर आपटून तुटते.

एका वेळी एकच कपडा कापा आणि त्याचे तुकडे लगेच कागदी चिठ्ठी टाचून ठेवा: कुणाचा, कुठला भाग. उरलेल्या चिंध्या फेकू नका.

७. मांडणी

सगळे चौकोन जमिनीवर मांडा. आधी गडद रंगाचे तुकडे पसरवा, मग फिके, शेवटी चित्रांचे. एका कोपऱ्यात सगळा काळा-निळा रंग साचला तर गोधडी त्या बाजूला झुकल्यासारखी दिसते. फोनवर काळा-पांढरा फोटो काढून पाहिलात तर हे पटकन कळतं. जाड तुकडे एकमेकांशेजारी ठेवू नका, नाहीतर जोडाच्या चौफुलीवर ढेकूळ होतं.

रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी दोन-तीन जागा बदलाव्याशा वाटतातच. मग प्रत्येक चौकोनाला क्रमांक लावा: ओळीला अक्षर, चौकोनाला अंक, क-१, क-२. शेवटचा फोटो काढा आणि ओळीओळीने गोळा करा.

८. जोडणी

सुती कापडाला ९० नंबरची सुई, टी-शर्टाला गोल टोकाची, डेनिमला १०० नंबरची. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर. शिवणाची जागा अर्धा इंच, सगळीकडे सारखी. मशीनच्या पट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि कापडाची कड त्याला लावून शिवा. नजरेने अंदाज घेऊ नका. चार चौकोनांच्या ओळीत तीन जोड येतात. दर जोडाला दोन्ही तुकड्यांतून २-२ मिलिमीटर जास्त गेलं तर ती ओळ १२ मिलिमीटर आखूड होते आणि शेजारच्या ओळीशी जुळत नाही. मग लोक ती ताणून जुळवतात, आणि गोधडीच्या मध्यभागी झोळ पडतो.

आधी एका ओळीतले चौकोन जोडा. पहिल्या ओळीतले सगळे जोड डावीकडे दाबून इस्त्री करा, दुसरीतले उजवीकडे, तिसरीतले पुन्हा डावीकडे. ओळी एकमेकींना जोडताना हे जोड एकमेकांत खाचेसारखे बसतात आणि चौफुली आपोआप जुळते. जीन्ससारख्या जाड कापडाचे जोड मात्र दोन्ही बाजूंना उघडून दाबा.

चौफुलीवर आधी टाचणी, मग मधल्या भागात. शिवताना सुई जवळ आली की टाचणी काढा.

> थांबा आणि तपासा : वरचा थर जमिनीवर पसरून दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे असतील तर काम चौकोनी आहे. फरक बोटभरापेक्षा जास्त असेल तर कुठला जोड जास्त खाल्लाय ते शोधा, आत्ताच उसवा. पुढच्या टप्प्यानंतर उसवता येणार नाही.

९. तीन थर एकत्र

खालचं कापड सुती, धुतलेलं, मऊ आणि धड असावं. जुनी चादर चालते, पण तीही उजेडासमोर धरून पाहिलेली. मधल्या थरासाठी पातळ सुती वॅडिंग (कापसाचा सलग, जमवलेला थर), फ्लॅनेल किंवा मऊ झालेली जुनी सुती साडी. जुन्या कपड्यांना फ्यूजिंग आधीच लावलेलं असतं, त्यामुळे मधला थर जाड नको. सुट्टा कापूस भरू नका. धुताना तो एका कोपऱ्यात गोळा होतो.

खालचा आणि मधला थर वरच्यापेक्षा चारही बाजूंनी ३ इंच मोठा ठेवा. ४८ × ६० च्या गोधडीला शिवणीची जागा धरून ५५ × ६७ इंच. टाके घालताना वरचा थर सरकतो आणि पसरतो, त्यासाठी ही सवलत.

जमीन पुसून घ्या. खालचं कापड उलटं पसरा आणि कडा चिकटपट्टीने जमिनीला लावा. ताठ असावं, ताणलेलं नसावं. ताणून लावलंत तर पट्टी काढल्यावर ते आकसतं आणि मागच्या बाजूला सुरकुत्या येतात. त्यावर मधला थर, मग वरचा थर सुलट. प्रत्येक वेळी हात मध्यापासून बाहेर फिरवा.

आता कच्चे टाके. मध्यापासून चारही दिशांना लांब टाके, चार-चार इंचांवर जाळी तयार होईल असे. किंवा सेफ्टी पिना, एका मुठीच्या अंतरावर एक. गोधडीच्या कुठल्याही भागावर मूठ ठेवली तर पिन हाताला लागली पाहिजे. याला दोन तास लागतात आणि गुडघे दुखतात, तरी घाई करू नका. मागच्या बाजूच्या चुण्या इथेच अडवता येतात.

१०. टाके

हाताने घालायचे तर धावदोरा. जाड सुती दोरा, हातभर लांबीचा. त्याहून लांब घेतला की गुंततो आणि झिजतो. सुई बारीक, मजबूत. दाभण वापरू नका, जुन्या कापडात ते भोकं पाडतं. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी. गाठ वरच्या थरातून झटका देऊन आत ओढा म्हणजे ती थरांमध्ये लपते. टाका ३ ते ५ मिलिमीटरचा, तिन्ही थरांतून आरपार. दर थोड्या वेळाने खालून हात फिरवून पाहा, मागे टाका आलाय ना.

सुरुवात मध्यापासून. दोन ओळींत दीड-दोन इंचांपेक्षा जास्त अंतर नको. नाजूक कापडावर ओळी जवळ घ्या, कारण जवळचे टाके ताण वाटून घेतात. छापील चित्रावर टाके घालू नका, सुईची भोकं कायमची राहतात. चित्राच्या कडेने फिरा. चित्र फार मोठं असेल तर मधल्या थराचा चिवटपणा पाहून मोकळी जागा ठेवा.

मशीनवर करणार असाल तर तिन्ही थर एकत्र सरकवणारा पाय, वॉकिंग फूट, लावा. टाका ३ मिलिमीटर. सरळ ओळीच घाला, आधी जोडांच्या कडेने. गोधडीचं वजन मांडीवर किंवा टेबलावर असू द्या. ती खाली लोंबकळत राहिली की सुई ओढली जाते आणि टाके लहान-मोठे होतात.

हात नवा असेल तर गाठींची गोधडी करा. दर चार इंचांवर जाड दोऱ्याने तिन्ही थरांतून एक टाका घालून दुहेरी गाठ. झटपट होते, पण मधला थर अख्ख्या चादरीचा किंवा वॅडिंगचा असला तरच.

११. गोट

कडा पट्टीने सरळ आखून तिन्ही थर एकसारखे कापा. गोटासाठी अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या. ४८ × ६० च्या गोधडीचा परीघ २१६ इंच, त्यात १२ इंच जास्त धरा: २२८ इंच. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून ६ पट्ट्या लागतात. त्या तिरप्या जोडा, म्हणजे जोड एका जागी जाड होत नाही. मग पट्टी लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करा.

सुरुवात कोपऱ्यातून करू नका, एका बाजूच्या मधून करा. पट्टीच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेला जुळवून सुलट बाजूने शिवा. कोपरा येण्याआधी शिवणीच्या जागेइतकं अंतर असताना थांबा, दोन टाके मागे घ्या, दोरा तोडा. पट्टी वर तिरपी दुमडा, मग सरळ खाली आणा आणि दुसरी बाजू अगदी कडेपासून शिवायला घ्या. कोपरा टोकदार बसतो. शेवटी पट्टी मागे वळवून हाताने तुरपाई. गोटासाठी आठवणीचं कापड वापरू नका. कड सगळ्यात आधी झिजते, तिथे नवं, घट्ट विणीचं सुती कापडच हवं.

१२. नाव, धुणं, घडी

मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या सुती कापडाची पट्टी शिवा. तिच्यावर कुणाचे कपडे, कुणी शिवली, कुणासाठी, कुठल्या वर्षी, हे भरतकामाने किंवा कापडाच्या पक्क्या शाईच्या पेनाने लिहा. साध्या बॉलपेनची शाई धुण्यात पसरते. ही पट्टी "नंतर लावू" म्हणून राहून जाते, म्हणून गोट झाल्या दिवशीच लावा.

पहिल्या धुण्याआधी सगळे जोड बोटांनी चाचपा. धुवायचं गार पाण्यात, सौम्य साबणाने. ओली गोधडी फार जड होते. दोरीवर एका कडेने टांगली तर सगळं वजन वरच्या जोडांवर येतं आणि ते उसवतात. सावलीत सपाट पसरा, किंवा दोन-तीन दोऱ्यांवर आडवी टाका. रेशीम असलेली गोधडी पाण्यात घालू नका, वाऱ्यावर सावलीत ठेवून झटका.

ठेवताना सुती खोळ. प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडून बुरशी येते. दोन-तीन महिन्यांनी घडी उलगडून वेगळ्या रेषेवर घाला. रेशमाच्या बाबतीत तर हे चुकवूच नका.

जपून ठेवलेल्या चिंध्या आता कामाला येतात. प्रत्येक कपड्याचा तळहाताएवढा तुकडा, गोटाची वीतभर पट्टी आणि वापरलेला दोरा एका छोट्या सुती पिशवीत घाला. कधीतरी एखादा चौकोन फाटेल, तेव्हा ठिगळ त्याच शर्टाचं लागेल. ती पिशवी गोधडीच्या खोळीतच ठेवा. वेगळी ठेवली की नेमकी हवी तेव्हा सापडत नाही.